शंभरातला एक रुपया

आरोग्यावरच्या खर्चातून जगभरात दरवर्षी 500 अब्ज डॉलरच्या वर रक्कम भ्रष्टाचार खातो, असा ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलचा अंदाज आहे. दिवसाला सुमारे 137 कोटी डॉलर. आकडा एवढा अवाढव्य की मनाला लागतच नाही.

मला लागला तो चाडचा आकडा. बर्नार गोतिए आणि वाली वान या अर्थतज्ज्ञांनी आफ्रिकेतल्या या गरीब देशाच्या आरोग्य खात्याचा पैसा वरपासून खालपर्यंत मोजला. 2009 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पगार सोडून उरलेला चालू खर्च 100 रुपये धरा. कागदोपत्री त्यातले 60 प्रांतांकडे जायचे, पोहोचले 18. आणि तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आई जिथे सगळ्यात आधी धावते, त्या आरोग्य केंद्राच्या हाती पुरता एक रुपयाही आला नाही. रुपयातले 15 पैसेच गरिबापर्यंत जातात, हे राजीव गांधींचं बोलणं आपण अजून हळहळून सांगतो. इथे पुरता एक पैसाही नाही.

वाटेत जिरलेलं सगळंच कुणी खिशात घातलं असं नव्हे. काही राजधानीतच खर्ची पडलं असेल. त्या आईला मात्र दोन्ही सारखंच. वरून काही येत नाही म्हटल्यावर केंद्र औषधाच्या किमतीवर चार पैसे चढवतं. वरची तूट भरून निघते ती तिच्या पदराच्या गाठीतून. गाठ रिकामी असेल तर पोर घरीच तापत राहतं.

2011 मध्ये संशोधकांच्या एका गटाने 178 देशांची आकडेवारी तपासली. भ्रष्टाचारामुळे अप्रत्यक्षपणे दगावणाऱ्या बालकांचा त्यांचा अंदाज होता वर्षाला 1,40,000 हून अधिक. तासाला 16. दर पावणेचार मिनिटांना एक मूल. मृत्यूच्या नोंदीत मात्र जुलाब, न्यूमोनिया, मलेरिया हीच कारणं येतात.

चाडच्या निबंधातला आणखी एक हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. केंद्रांसाठी ठेवलेला पैसा पूर्ण पोहोचला असता, तर तिथे येणारे रुग्ण दुपटीहून जास्त झाले असते. म्हणजे केंद्राबाहेरच्या बाकावर दहा जण बसले असतील, तर आणखी दहाहून जास्त जण त्या दिवशी घरातून निघालेच नव्हते.