घरातील मत्स्यटाकी : विरंगुळा आणि शिकवण

काचेच्या टाकीत विहरणारे मासे पाहत बसले असता दिवसभराचा शीण हलका होतो. शेततळ्यात मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यास हा छंद आनंदाबरोबर ज्ञानही देतो.

आरंभी गप्पी मासे पाळणे सोयीचे. नर लहान व रंगीत, तर मादी मोठी व फिकट असते. मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. ती लगेच पोहू लागतात. मोठे मासे त्यांना खातात, म्हणून लपण्यासाठी टाकीत पाणवनस्पती लावाव्यात. डासांच्या अळ्या टाकल्यास मासे त्या चपळाईने टिपतात, ते पाहण्यासारखे असते.

पाणवनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र मासे व वनस्पती दोन्ही तो वापरतात. त्यामुळे टाकीत दाटी झाल्यास पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. शेततळ्यातही धोक्याची खूण हीच. ती ओळखून खाद्य थांबवावे व ताजे पाणी उंचावरून सोडावे, म्हणजे नुकसान टळू शकते.

टाकीतील पाव हिस्सा पाणी दर आठवड्यास बदलावे व खाद्य बेताचेच घालावे. गप्पी मासे नदी-ओढ्यांत सोडू नयेत. देशी माशांस ते अपायकारक ठरतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेत अशी एक टाकी अवश्य ठेववावी.