झेड ३चा दांडा, एम ३चा गिअर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीएमडब्ल्यूची ई ३६ पिढीतली एम ३ युरोपात १९९२मध्ये आली. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि २८६ अश्वशक्ती. अमेरिकेत १९९४पासून विकल्या गेलेल्या गाडीत हा आकडा २४० होता. दोन्हीकडे चालवणाऱ्यांची एक तक्रार मात्र सारखी होती : इंजिन धारदार, पण गिअरचा दांडा लांबलचक झोके घेणारा. यावर हौशी मंडळींनी शोधलेला उपाय गमतीचा होता. त्याच कंपनीच्या, एम ३च्या निम्म्या ताकदीच्या झेड ३ १.९ या चार सिलिंडरच्या छोट्या रोडस्टरचा दांडा काढून एम ३मध्ये बसवायचा. तो खाली लांब असतो, त्यामुळे वर हाताला कमी फिरावं लागतं. स्पोर्ट्स गाड्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या महागड्या किटपेक्षा कंपनीचाच हा सुटा भाग स्वस्त पडायचा.

युक्ती खरी आहे आणि नीट केली तर चालतेही. पण तिच्याभोवती समजुतींचं मोठं जाळं विणलं गेलंय. त्यातल्या काही खिसा कापतात, काही गिअरबॉक्स.

गैरसमज १ : आखूड झोक्याचा दांडा म्हणजे आखूड दांडा. मग आहे तोच वरून कापला की झालं.

वस्तुस्थिती : दांडा ही साधी तरफ आहे. नॉब हे एक टोक, मधला गोळा हा टेकू आणि खालचं टोक गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या सिलेक्टर रॉडला जोडलेलं. हात किती फिरणार हे वरच्या आणि खालच्या लांबीच्या गुणोत्तरावर ठरतं.

समजण्यापुरते आकडे घेऊ. टेकूच्या वर २४० मिमी, खाली ६० मिमी, म्हणजे गुणोत्तर ४. रॉडला १२ मिमी सरकवायचं तर नॉब ४८ मिमी हलेल. आता खालची बाजू ७५ मिमी केली तर गुणोत्तर ३.२ होतं आणि नॉब ३८.४ मिमी हलतो. वरून कापून २४०चे १९२ केले तरी गुणोत्तर ३.२च येतं.

मग फरक काय? वरून कापलेल्या दांड्याचा नॉब जवळजवळ पाच सेंटिमीटर खाली जातो, स्टिअरिंगवरून हात आणखी लांब न्यावा लागतो. शिवाय दांडा पूर्वीइतकाच कलतो, साधारण ११ अंश. खालून लांब केलेला दांडा ९ अंशांच्या आसपासच कलतो आणि नॉब आहे त्याच उंचीवर राहतो. हाताला जाणवतो तो हा फरक. झेड ३चा दांडा पसंत पडला तो खालच्या बाजूच्या या लांबीमुळे. त्यातून ई ३६चा नॉब दांड्यावर दाबून बसवलेला असतो. त्याची खाच दांड्याच्या वरच्या टोकाला असते. करवत चालवली की तीही जाते.

गैरसमज २ : झोका कमी झाला, मेहनत तेवढीच राहिली.

वस्तुस्थिती : पहारीने धोंडा हलवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. हातातली बाजू तुलनेने तोकडी झाली की जोर जास्त लागतो. वरच्याच उदाहरणात रॉड सरकवायला २० किलोचा जोर लागत असेल, तर गुणोत्तर ४ असताना हाताला ५ किलो पडतात आणि ३.२ असताना सव्वासहा. अंतर २० टक्क्यांनी घटलं, जोर २५ टक्क्यांनी वाढला. थंड सकाळी गिअरबॉक्सचं तेल घट्ट असताना हा फरक दुसरा गिअर टाकताना लगेच कळतो. जड नॉब लावून तो थोडा झाकता येतो. वजनामुळे हाताची गती टिकते, पण लागणारा जोर कमी होत नाही.

गैरसमज ३ : दांडा बदलला की गाडी वेगवान होते.

वस्तुस्थिती : गिअर किती लवकर पडेल याची अंतिम मर्यादा हात नाही, सिंक्रोनायझर ठरवतो. गिअर बदलताना पुढच्या गिअरचा आणि शाफ्टचा वेग वेगवेगळा असतो. सिंक्रोनायझरच्या पितळी कड्या घर्षणाने तो एकसारखा करतात, आणि तसा होईपर्यंत गिअरला पुढे सरकू देत नाहीत. दांडा कितीही आखूड असला तरी हे काम होईपर्यंत थांबावंच लागतं. वाचला तर सेकंदाचा छोटासा अंश वाचतो, तोही हात सरावलेला असेल तर. रस्त्यावर त्याने काही सिद्ध होत नाही. मिळतं ते सुख आहे : नेमका, छोटा, ठसठशीत खटका. त्यासाठीच हा बदल करावा.

गैरसमज ४ : कंपनी एक आहे, म्हणजे कुठलाही दांडा कुठेही बसतो.

वस्तुस्थिती : झेड ३ आणि ई ३६ एकमेकींच्या सख्ख्या नातेवाईक आहेत. अमेरिकेतल्या स्पार्टनबर्गच्या कारखान्यात १९९५पासून तयार झालेल्या झेड ३चा कंपनीतला संकेतांकच ई ३६/७ असा होता. तिची मागची सस्पेन्शन रचना तर आणखी जुन्या ई ३० मालिकेवर आधारलेली होती. म्हणून दांडा, गोळा, नायलॉनची वाटी यांचा मेळ बसतो, आणि ई ३०वाल्यांनीही हाच दांडा उचलला.

पण ‘बसतो’ आणि ‘चालतो’ यांत अंतर आहे. चार आणि सहा सिलिंडरच्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्स वेगळे, त्यामुळे सिलेक्टर रॉडची लांबी आणि वळणही वेगळं असू शकतं. दांड्याची खालची बाजू लांब झाली की ती आणि रॉड दोन्ही खाली उतरतात. तिथेच प्रॉपेलर शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणारं रबरी कपलिंग आणि त्याचे बोल्ट फिरत असतात. जागा अपुरी असेल तर रॉड तिथे घासतो. गाडी उभी असताना सारं ठीक वाटतं आणि इंजिन जोर लावून कललं की खरखर ऐकू येते. युरोपात १९९५नंतरच्या ३.२ लिटरच्या एम ३ला सहा गिअरचा बॉक्स होता. पाच गिअरच्या गाडीवरचा अनुभव तिला जसाच्या तसा लावू नये.

म्हणून विकत घेताना ‘झेड ३चा दांडा’ एवढं पुरत नाही. कोणत्या इंजिनाच्या झेड ३चा, आणि आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे, दोन्ही पाहावं. जुना आणि नवा दांडा शेजारी ठेवून टेकूच्या खालची लांबी फूटपट्टीने मोजली की बरेच वाद मिटतात.

गैरसमज ५ : गिअर ढिला झालाय, आखूड दांडा लावला की घट्ट होईल.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत ढिलेपणा दांड्यात नसतो, त्याच्या अवतीभवती असतो. गोळा ज्यात फिरतो ती नायलॉनची वाटी झिजते. सिलेक्टर रॉडच्या दोन्ही टोकांचे प्लास्टिकचे वॉशर चुरतात. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा सांधा सैल होतो. दांड्याला धरून ठेवणाऱ्या कॅरिअरचा मागचा रबरी बुश लोंबतो.

आता गणित पाहा. रॉडच्या सांध्यात १ मिमीचा खेळ असेल, तर गुणोत्तर ४ असताना नॉबवर तो ४ मिमी दिसतो, ३.२ असताना ३.२ मिमी. कमी झाल्यासारखा वाटतो खरा. पण झोकाही ४८वरून ३८.४वर आलाय. दोन्ही वेळा ढिलेपणा एकूण झोक्याचा बारावा भागच आहे. म्हणजे दांडा बदलून ढिलेपणा गेला नाही, तो लहान मापात छापला गेला.

उलट जुनाच दांडा ठेवून वाटी, वॉशर, सांधा आणि बुश नवे टाकले, तर गाडी बदलल्यासारखी वाटते. अनेकांना त्यानंतर आखूड दांड्याची गरजच उरत नाही.

गैरसमज ६ : आखूड दांड्याने गिअरबॉक्स खराब होतो.

वस्तुस्थिती : दांड्याने गिअरबॉक्सच्या आत काही बदलत नाही. आतला फोर्क पूर्वी जेवढा सरकायचा तेवढाच सरकतो, तोच गिअर तेवढाच अडकतो. नुकसान होतं ते घाईने. हाताला कमी अंतर कापायचं असलं की माणूस दांडा आदळायला लागतो. सिंक्रोनायझरला वेग जुळवायला मिळणारा वेळ घटतो आणि त्याच्या कड्यांवर भार वाढतो. गिअर पडल्यावरही दांडा पुढे रेटत राहिलं किंवा त्यावर हात टेकून गाडी चालवली, तर फोर्क झिजतो. ही सवय लांब दांड्यालाही तितकीच वाईट.

मात्र सिंक्रोनायझर आधीच झिजलेले असतील, तर आखूड दांडा ते लपवत नाही, उघडं पाडतो. दुसऱ्या गिअरला कुरकुर येत असेल तर आधी गिअरबॉक्सचं तेल तपासावं. कोणतं तेल घालायचं हे त्या बॉक्सप्रमाणे ठरतं. बॉक्सवरचा स्टिकर शाबूत असेल तर तो पाहावा, नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघावं. जाड तेल घातलं की आवाज कमी होतो, पण गिअर आणखी जड होतो.

गैरसमज ७ : जितका आखूड तितका उत्तम.

वस्तुस्थिती : झोका पुढे-मागे जेवढा कमी होतो, तेवढाच तो आडवाही कमी होतो. पहिल्या-दुसऱ्याची, तिसऱ्या-चौथ्याची आणि पाचव्याची अशा गल्ल्या एकमेकींच्या जवळ येतात. रिव्हर्सही जवळच असतो. मधली स्प्रिंग तिथे चुकून जाऊ देत नाही, पण झोका फार आखूड असला की ती स्प्रिंग ओलांडायलाही जोर लागतो आणि अंदाज चुकतो.

महागडी चूक आहे ती तिसऱ्यातून चौथा टाकताना दुसऱ्यात जाण्याची. इंजिन लाल रेषेजवळ असताना हे झालं, तर चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. क्लच सोडताच व्हॉल्व्ह वाकू शकतात. इंजिनाची वेगमर्यादा इथे वाचवत नाही, कारण ती फक्त इंधन तोडते. चाकांनी फिरवलेल्या इंजिनाला अडवत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंट जुने झाले असतील तर धोका वाढतो. जोरात वेग घेताना सगळा बॉक्स पिळला जातो आणि गल्ल्यांची जागाच सरकते. जवळजवळ आलेल्या गल्ल्यांमध्ये थोडी सरकही पुरते. रोजच्या गाडीला म्हणूनच कंपनीच्या दांड्याने मिळणारी माफक कपात बरी. अर्ध्यावर आणणारी किट ट्रॅकवरच्या गाड्यांसाठी सोडावी.

गैरसमज ८ : हे काम आतूनच, सीटवर बसून होतं.

वस्तुस्थिती : वरून फक्त सुरुवात होते. नॉब फिरवायचा नसतो, सरळ वर ओढून काढायचा असतो. तो सुटतो तेव्हा झटक्याने सुटतो, म्हणून तोंड बाजूला ठेवावं. मग कातडी आवरण, त्याखालचा फोम आणि आतलं रबरी बूट. पण दांड्याचं खालचं टोक रॉडपासून सोडवायला गाडीखालीच जावं लागतं. अनेक गाड्यांत एक्झॉस्ट आणि उष्णतारोधक पत्रा खाली घ्यावा लागतो, हात शिरायला जागा करण्यासाठी बॉक्स थोडा कलवावा लागतो. ई ३६मध्ये वाटी धरून ठेवणारी प्लास्टिकची कडी पाव फेरा फिरवून सुटते. ती जुनी असेल तर तुटतेही.

परत बसवताना नवी वाटी, ग्रीस, नवे वॉशर आणि क्लिप. रबरी बूट मात्र विसरू नये. ते गाळलं तर रस्त्याचा आवाज, उष्णता आणि धूर आत येतो, आणि दोष दांड्याला दिला जातो. शेवटी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर, रिव्हर्ससकट, पडतात का ते पाहावं आणि प्रत्येक गिअरमध्ये रॉड कपलिंगपासून किती लांब राहतो ते टॉर्च लावून तपासावं.

गैरसमज ९ : हीच युक्ती आपल्या हॅचबॅकलाही लागू.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिन आडवं असतं आणि दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. तिथे झोका दांड्यावरच्या आणि गिअरबॉक्सवरच्या हाताच्या लांबीवर अवलंबून असतो, ढिलेपणा बहुधा केबलच्या टोकांच्या बुशांत असतो. जुन्या जीपमध्ये तर दांडा गिअरबॉक्सच्या झाकणातच बसलेला, मधे रॉडच नाही. तरफेचं गणित सगळीकडे एकच आहे, सुटे भाग मात्र एकमेकांचे नाहीत.

तेव्हा जुन्या एम ३ला किंवा तिच्या भावंडांना झेड ३चा दांडा बसवायचा असेल, तर क्रम असा ठेवा : आधी बुश, वाटी आणि वॉशर नवे करा, मग माउंट आणि तेल तपासा, महिनाभर गाडी चालवा, तरीही झोका लांब वाटला, तर दांडा घ्या. आणि काम स्वतः करणार असाल, तर गाडी चारही स्टँडवर नीट टेकवल्याशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर, तिच्याखाली शिरू नका.