थ्रीडी चित्रातलं किचन ‘खोटं’ का वाटतं?

मॉड्युलर किचनची ऑर्डर देण्याआधी डिझायनर थ्रीडी चित्र दाखवतो आणि त्याच भरवशावर ग्राहक अॅडव्हान्स देतो. पण अनेकदा ते किचन प्लास्टिकच्या खेळण्यासारखं दिसतं. असं का होतं?

पहिलं कारण म्हणजे प्रकाश. खिडकीतून आलेला उजेड भिंती, ओटा, फरशीवरून परावर्तित होत खोलीभर पसरतो. लाल शटरशेजारची पांढरी भिंत किंचित लालसर दिसते, ती त्यामुळेच. हे गणित मांडणारं ‘रेंडरिंग इक्वेशन’ जेम्स कजिया यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं. ब्लेंडरमधलं सायकल्स हे रेंडर इंजिन याच तत्त्वावर चालतं.

दुसरं कारण, कडा. खऱ्या ओट्याची कड कधीच पात्यासारखी नसते. एक-दोन मिलिमीटर गोलाई दिली, की तिच्यावर उजेडाची बारीक रेघ उमटते.

तिसरं, पृष्ठभाग. वापरातल्या स्टीलच्या सिंकवर ओरखडे असतात. लाकडाची तीच रेषा प्रत्येक शटरवर दिसली, की नजर लगेच फसवणूक ओळखते.

शेवटचा मुद्दा मापाचा. वाइड अँगल लावला, की आठ फुटांचं किचनही ऐसपैस भासतं. चित्र सुंदर होतं, पण फ्रिजचं दार उघडायला जागा आहे का, हे कळत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: चित्रातली खिडकी आपल्याच घराच्या दिशेला आहे का? आणि ओटा, फ्रिज, गॅस यांची मापं खरी आहेत का?