टर्मिनलमागचं चित्र आणि पारदर्शकता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवसातले कितीतरी तास ज्या विंडोकडे बघण्यात जातात, ती देखणी असावी ही इच्छा अगदी रास्त आहे. पण टर्मिनलला चित्र किंवा पारदर्शकता लावायला गेलं की कधी काहीच बदलत नाही, कधी अक्षरं पुसट होतात, तर कधी एडिटर उघडताच सगळं पुन्हा काळं होतं. मग अनेकजण हा नाद सोडून देतात. तसं करण्याचं कारण नाही. पडद्यावरचा कोणता थर कोण रंगवतं एवढं कळलं, की बहुतेक अडचणी सुटतात.

गैरसमज : पार्श्वभूमीचं चित्र शेलच्या फाइलमधून लावायचं असतं.

वस्तुस्थिती : बॅश किंवा झीशेल फक्त मजकूर आणि रंगांचे संकेत पाठवतो. अक्षरं आणि त्यामागचं चित्र रंगवण्याचं काम टर्मिनल इम्युलेटरचं असतं. म्हणून किटीमध्ये किटीची कॉन्फिग फाइल, विंडोज टर्मिनलमध्ये त्याची सेटिंग्ज आणि मॅकच्या टर्मिनलमध्ये प्रोफाइल बदलावं लागतं. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर गेलात, तरी चित्र तुमच्याच यंत्रावर रंगवलं जातं. त्यासाठी सर्व्हरवर काही बदलावं लागत नाही. प्रत्येक टर्मिनलमध्ये दोन्ही सोयी असतात असंही नाही. अलॅक्रिटीमध्ये पारदर्शकता आहे, पण पार्श्वभूमीला चित्र लावण्याची सोय नाही.

गैरसमज : मागे वॉलपेपर दिसतो, म्हणजे विंडो पारदर्शक आहे.

वस्तुस्थिती : लिनक्सवरच्या जुन्या एटर्म आणि ईटर्ममध्ये जे दिसायचं, ते वॉलपेपरची नक्कल होती. टर्मिनल वॉलपेपरचा नेमका तेवढा तुकडा उचलून आपल्या मागे रंगवायचं. मध्ये ब्राउझरची विंडो आली, तरी तिच्याऐवजी वॉलपेपरच दिसायचा. खऱ्या पारदर्शकतेसाठी सगळ्या विंडो एकत्र मिसळून पडदा तयार करणारा कम्पोझिटर लागतो. एक्स विंडो सिस्टिममध्ये त्याचा पाया २००४ साली एक्स.ऑर्ग ६.८ मधल्या कम्पोझिट एक्स्टेन्शनने घातला. आजही एक्सवर साधा विंडो मॅनेजर वापरत असाल, तर पिकॉमसारखा कम्पोझिटर वेगळा चालू करावा लागतो. तो नसेल, तर किटीमधली ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, कितीही कमी करा, काही फरक पडत नाही. वेलँड, मॅक आणि आजच्या विंडोजवर कम्पोझिटर आधीपासूनच चालू असतो.

गैरसमज : चित्राची ओपॅसिटी आणि विंडोची ओपॅसिटी एकच.

वस्तुस्थिती : विंडोज टर्मिनलमध्ये ही दोन वेगळी सेटिंग्ज आहेत आणि फाइलमध्ये त्यांची मापंही वेगळी आहेत. चित्राची ओपॅसिटी ० ते १ मध्ये लिहितात. चित्र पार्श्वभूमीच्या रंगात किती मिसळायचं ते तिच्यावर ठरतं. विंडोची ओपॅसिटी ० ते १०० मध्ये लिहितात. मागच्या विंडो किती दिसाव्यात ते तिच्यावर ठरतं. धूसर काचेसारखा अॅक्रिलिक परिणाम हे तिसरं सेटिंग. विंडोज १० वर धूसरपणाशिवायची निव्वळ पारदर्शकता मिळत नाही, त्यासाठी विंडोज ११ लागतं. शिवाय विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स बंद असतील, तर अॅक्रिलिकच्या जागी सपाट रंग दिसतो.

गैरसमज : पारदर्शकता वाढवली की अक्षरं फिकट होणारच.

वस्तुस्थिती : पारदर्शकता कुठून दिली यावर ते अवलंबून आहे. टर्मिनलच्या स्वतःच्या सेटिंगमधून दिली, तर फक्त पार्श्वभूमीचा रंग विरळ होतो आणि अक्षरं ठसठशीत राहतात. कम्पोझिटरच्या नियमाने आख्ख्या विंडोला दिली, तर अक्षरांसकट सगळंच विरळ होतं. म्हणून अक्षरं पुसट झाली असतील, तर आधी पिकॉमच्या फाइलमध्ये टर्मिनलसाठी एखादा नियम लिहिलेला आहे का ते पाहावं.

गैरसमज : विम एडिटर उघडताच पारदर्शकता जाते, हा टर्मिनलमधला बग आहे.

वस्तुस्थिती : हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. किटीमध्ये ज्या चौकटींचा रंग टर्मिनलच्या मूळ पार्श्वभूमीसारखाच असतो, त्याच पारदर्शक होतात. एखाद्या प्रोग्रामने स्वतःचा वेगळा रंग दिला, तर तो भरीव राहतो. विमची खालची स्टेटस लाइन नीट वाचता यावी, हाच त्यामागचा विचार. विमची रंगयोजना मात्र पुष्कळदा संपूर्ण पडद्यालाच रंग देते आणि मागचं सगळं झाकून टाकते. उपाय सोपा आहे. रंगयोजनेतल्या 'नॉर्मल' गटाची पार्श्वभूमी 'नन' करावी आणि हवा तो रंग टर्मिनलच्या कॉन्फिगमध्ये मूळ रंग म्हणून द्यावा.

गैरसमज : चित्र लावलं की टर्मिनल संथ होतं.

वस्तुस्थिती : ग्राफिक्स कार्डवर रंगवणाऱ्या टर्मिनलमध्ये एका स्थिर चित्राचा भार जाणवत नाही. मेमरी मात्र खर्च होते, आणि ती फाइलच्या आकारावर नव्हे तर पिक्सेलवर ठरते. ३८४० × २१६० चं चित्र उलगडलं की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरून सुमारे ३३ एमबी लागतात, मग जेपीईजी फाइल कितीही लहान असो. म्हणून चित्र पडद्याच्या मापाचंच ठेवावं. जास्त काम पडतं ते धूसरपणामुळे, कारण त्यासाठी प्रत्येक पिक्सेलच्या आजूबाजूचे पिक्सेलही मोजावे लागतात. जुना लॅपटॉप बॅटरीवर चालवताना धूसरपणा आधी बंद करावा.

गैरसमज : जितकं पारदर्शक तितकं सुंदर.

वस्तुस्थिती : टर्मिनल वाचण्यासाठी आहे आणि वाचनीयता मोजता येते. वेबवरच्या सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराला रंगांमधला विरोध किमान ४.५ : १ लागतो. समजा, काळ्या पार्श्वभूमीवर फिकट राखाडी अक्षरं आहेत. त्यांचा विरोध सुमारे १३ : १ येतो. आता मागे पांढरं पान उघडं आहे असं धरा. ओपॅसिटी ०.९ असेल तर विरोध जवळपास ११ राहतो, ०.७ ला तो ५.३ वर येतो, ०.६ ला ३.६ आणि ०.५ ला जेमतेम २.५. चुकांचा गडद लाल किंवा फोल्डरांचा निळा रंग तर याहून आधी हरवतो, आणि चूक सांगणारा संदेशच वाचता आला नाही तर सजावटीचा उपयोग काय?

त्यामुळे ओपॅसिटी १ पासून हळूहळू खाली आणावी आणि प्रत्येक वेळी मागे पांढरं पान उघडून तपासावं. बहुतेकांना ०.८५ ते ०.९५ च्या दरम्यान आपली जागा सापडेल. चित्र लावायचं तर कमी बारकाव्यांचं, गडद निवडावं आणि किटीमधलं टिंटचं सेटिंग वापरून त्यावर पार्श्वभूमीचा रंग चढवावा. एवढी काळजी घेतली, तर विंडो देखणी दिसते आणि रात्री उशिरा एखादा लांबलचक लॉग वाचतानाही डोळ्यांना ताण पडत नाही.