थकव्यामागचे कारण शोधा

ऑगस्ट २०१२. लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या बांबूउडीची, म्हणजे पोल व्हॉल्टची अंतिम फेरी. अमेरिकेची जेनिफर सुहर आणि क्युबाची यारिस्ले सिल्वा या दोघींनी ४.७५ मीटर उंची पार केली. जेनिफरच्या चुकलेल्या उड्या कमी, म्हणून सुवर्णपदक तिचे झाले. आधीच्या दोन ऑलिम्पिकची विजेती, रशियाची येलेना इसिनबायेवा तिसरी आली.

आरोग्याच्या पानावर जेनिफरची गोष्ट आम्ही सांगतो आहोत ती पदकासाठी नाही. या विजयाच्या एकच वर्ष आधी ही बाई थकव्याने, स्नायूंत येणाऱ्या गोळ्यांनी आणि पोटाच्या त्रासाने बेजार होती. त्या त्रासाचे कारण शोधले गेले, म्हणून पुढचे सगळे घडले.

बांबूउडी हा अंगातली सगळी ताकद मागणारा खेळ आहे. हातात लांब, लवचिक काठी घेऊन जोरात धावायचे, काठी जमिनीतल्या खाचेत रोवायची, ती वाकली की तिच्या जोरावर उलटे वर जायचे आणि आडव्या दांडीला धक्का न लावता पलीकडे पडायचे. पुरुषांसाठी हा खेळ १८९६ च्या पहिल्या ऑलिम्पिकपासून होता. बायकांना तो मिळाला २००० साली, सिडनीत. बायकांच्या दंडात आणि खांद्यात एवढी ताकद नसते, असे धरून चालायचे. सिडनीत अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिलाने पहिले सुवर्ण जिंकले.

जेनिफरचा जन्म १९८२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया गावचा. कॉलेजात ती बास्केटबॉल खेळायची. काठी हातात घेतली ती २००४ साली, बाविसाव्या वर्षी. वर्ष पुरे व्हायच्या आतच, २००५ मध्ये, तिने अमेरिकेची राष्ट्रीय इनडोअर स्पर्धा जिंकली. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ४.८० मीटर उडी मारून रौप्यपदक मिळवले. तिचे प्रशिक्षक रिक सुहर; पुढे त्यांच्याशीच तिचे लग्न झाले. घरामागच्या पत्र्याच्या लांब शेडमध्ये तिचा सराव चालायचा.

अशी ही कसलेली खेळाडू हळूहळू गळून जायला लागली. २०११ मध्ये निदान झाले: सीलिअॅक आजार. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ती चौथी आली, पदक हुकले.

हा आजार काय आहे ते नीट समजून घेऊ. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. गव्हाची कणीक चिकट होते ती त्याच्यामुळेच. सीलिअॅक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लूटेन गेले की शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याचे आतले अस्तर मखमलीसारखे असते आणि त्यातूनच अन्नाचे सत्त्व रक्तात जाते. ते अस्तर झिजते. मग ताट भरलेले असले तरी अंगाला काही लागत नाही. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे तशीच निघून जातात. हा आजार संसर्गाचा नाही. उष्टे खाल्ल्याने होत नाही. पण तो घराण्यात चालू शकतो.

आपल्याकडे गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांत हे रुग्ण अधिक सापडतात. पण आता आपल्याही घरात भाकरीच्या जागी चपाती, पाव आणि बिस्किटे आली आहेत. वस्तीत फिरताना आम्हाला एक वाक्य नेहमी ऐकू येते: "तिला काय झालंय? कामाचा कंटाळा आहे, दुसरं काय." सून असेल तर हे वाक्य अजूनच लवकर येते. ऑलिम्पिकमध्ये पदक घेतलेली बाई आजाराने गळून जाऊ शकते, तर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बहिणीच्या थकव्याला आळस म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रत्येक थकवा म्हणजे सीलिअॅक नव्हे. आपल्या वस्तीत थकव्याची नेहमीची कारणे वेगळी आहेत: अंगात रक्त कमी असणे, पाळीत जास्त रक्तस्राव, जंत, क्षयरोग, थायरॉइड, साखर आणि सगळ्यांना वाढून उरलेले खाणे. आधी त्यांची तपासणी झाली पाहिजे. पण पुढची लक्षणे असतील तर डॉक्टरांना सीलिअॅकबद्दल जरूर विचारा:

• लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही.
• जुलाब, पोट फुगणे, वजन उतरणे महिनोन्महिने चालू आहे.
• मूल जेवते, पण वजन आणि उंची वाढत नाही.
• तोंड वारंवार येते, हाडे दुखतात.
• घरात आई-वडील, भावंड किंवा मूल यांपैकी कुणाला हा आजार आहे.

सुरुवात रक्ताच्या तपासणीने होते. तिला टीटीजी म्हणतात. गरज पडली तर दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात. यात एक मोठी खबरदारी आहे: तपासणीआधी गहू बंद करू नका. बंद केलात तर आजार असूनही तो तपासणीत दिसणार नाही. कुणीतरी सांगितले म्हणून मनानेच चपाती सोडणे त्यासाठीच चुकीचे. आजार नसलेल्याने गहू सोडायचे कारणही नाही.

निदान झालेच तर घाबरू नका. या आजाराचे औषध ताटातच आहे: ग्लूटेन कायमचे बंद. चपाती, पाव, रवा, मैदा, शेवया, टोस्ट, बिस्किटे, सातूचे पीठ हे सगळे बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, डाळी, भाज्या, अंडी, मासे, मटण हे सगळे चालते. म्हणजे आजीची भाकरी चालते! फक्त दोन ठिकाणी लक्ष ठेवा. हिंगाच्या पुडीत बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, पाकीट वाचा. आणि गिरणीत गव्हावर दळलेल्या ज्वारीत गहू मिसळतो. धान्य नीट धुऊन वाळवून घरीच मिक्सरवर दळा. त्या माणसाचे पोळपाट-लाटणेही वेगळे ठेवा.

जेनिफरने खाणे बदलले आणि खेळ चालू ठेवला. लंडनच्या सुवर्णानंतर मार्च २०१३ मध्ये तिने इनडोअर स्पर्धेत ५.०२ मीटर उडी मारून इसिनबायेवाचा विक्रम मोडला. पाच मीटर पार करणारी ती जगातली दुसरी महिला. जानेवारी २०१६ मध्ये, चौतिशीच्या उंबरठ्यावर, ५.०३ मीटर, म्हणजे सुमारे साडेसोळा फूट. त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये आजारपणातच ती उतरली आणि सातवी आली. २०२२ मध्ये, चाळिसाव्या वर्षी तिने निवृत्ती घेतली.

जेनिफरकडे प्रशिक्षक होता, डॉक्टर होते. आपल्या आयाबहिणींकडे तेवढे नाही. म्हणून ते काम घरच्यांनी करायचे आहे. घरातली बाई सतत दमलेली दिसली, तर तिला टोमणा मारू नका. सकाळी तिच्याबरोबर दवाखान्यात जा, केसपेपर काढा आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत पाठपुरावा करा.