‘सारे काही समाविष्ट’ म्हणजे नेमके काय काय?

वर्षभर कचेरी, लोकल आणि मुलांच्या परीक्षा यांच्या धबडग्यात अडकलेल्या शहरी कुटुंबाला सुटीतही धावपळ नको असते. पहाटे उठून बसमध्ये बसावे आणि दिवसाकाठी सात स्थळे उरकावीत, यापेक्षा एकाच जागी चार दिवस राहावे, समुद्र पाहावा, जेवण आयते मिळावे आणि दर तासाला खिशात हात घालावा लागू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ या नावाने विकल्या जाणाऱ्या किनारी रिसॉर्टच्या सहली नेमके हेच आश्वासन देतात. मुंबई-पुण्याच्या पर्यटकांपुढे त्यासाठी चटकन नाव येते ते मालदीवचे. परंतु ‘सारे काही समाविष्ट’ या शब्दांचा अर्थ रिसॉर्टगणिक बदलतो. तो वस्तुतः एक करार असतो, आणि करार पैसे भरण्यापूर्वी वाचायचा असतो. किनाऱ्यावर पोहोचल्यावर वाचला, तर निवांतपणाऐवजी पदरी पडते ते शेवटच्या दिवशीचे अनपेक्षित बिल.

या कल्पनेला मोठा इतिहास आहे. जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन जलक्रीडापटूने १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर आल्कुदिया येथे ‘क्लब मेड’ची पहिली सुटी-वसाहत उभारली. तेथे राहण्याची सोय तंबूत होती. निवास, जेवण आणि खेळ यांचे पैसे एकदाच भरायचे आणि मग पाकीट विसरायचे, ही त्यामागील कल्पना. तरीही बारमधील पेये या रकमेत धरलेली नव्हती. त्यांचे पैसे पुढे गळ्यात घालायच्या मण्यांच्या रूपाने चुकते केले जात. मद्यासह सारे एका किमतीत देण्याची पद्धत नंतर कॅरिबियन बेटांवर रुजली. जमैकात १९८१ मध्ये सुरू झालेली ‘सँडल्स’ ही रिसॉर्टमालिका त्यासाठी विशेष नावारूपाला आली. थोडक्यात, ‘सारे काही’ची व्याख्या आरंभापासूनच सोयीनुसार ठरत आली आहे, आणि तिच्यातील कळीचा मुद्दा नेहमी पेयांचाच राहिला आहे.

‘बाहेर’ आहे की नाही?

अशी योजना घ्यावी की नाही, हे ठरविण्याची एक सोपी कसोटी आहे. रिसॉर्टच्या फाटकाबाहेर पडून जेवता येते का? तारकर्लीला किंवा गोव्यात सर्व जेवणांचे पैसे आधीच भरून ठेवणे बहुधा तोट्याचे ठरते. कारण खरी चव हॉटेलच्या बाहेर, एखाद्या घरगुती खानावळीतील ताज्या मासळीत आणि सोलकढीत असते. पैसे भरले आहेत म्हणून बुफेलाच जेवायचे, ही मग शिक्षाच होते.

मालदीवची गोष्ट वेगळी आहे. दक्षिणोत्तर आठशे किलोमीटरहून अधिक पसरलेल्या या देशात सुमारे १२०० प्रवाळबेटे असून त्यांपैकी जेमतेम दोनशे बेटांवर लोकवस्ती आहे. १९७२ मध्ये विहामानाफुशी या बेटावर ‘कुरुंबा’ हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले आणि त्यानंतर ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ असेच पर्यटनाचे स्वरूप घडत गेले. संपूर्ण बेटच रिसॉर्टच्या ताब्यात असल्याने तेथे कोपऱ्यावरचे दुकान नाही, टपरीवरचा चहा नाही आणि पाण्याची बाटलीही दुसरीकडून आणता येत नाही. जहाजांनी आणि विमानांनी आलेला माल बेटापर्यंत पोहोचेतो महाग झालेला असतो. जेथे ‘बाहेर’ असे काही नाही, तेथे जेवणाची योजना हा सहलीच्या खर्चातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो.

जेवणाच्या चार योजना

मालदीवमधील रिसॉर्टमध्ये साधारणपणे चार प्रकार आढळतात. ‘बेड अँड ब्रेकफास्ट’मध्ये केवळ न्याहारी मिळते. ‘हाफ बोर्ड’मध्ये न्याहारी आणि बहुधा रात्रीचे जेवण, तर ‘फुल बोर्ड’मध्ये तिन्ही वेळचे जेवण मिळते. चौथा प्रकार ‘ऑल इन्क्लुझिव्ह’चा. पहिल्या तिन्हींत एक बारीक मेख असते. जेवण समाविष्ट असले तरी जेवणासोबतचे पाणी, सरबत वा कॉफी अनेक ठिकाणी समाविष्ट नसते. उलट ‘ऑल इन्क्लुझिव्ह’मध्येही ठराविक मद्यप्रकारच मोफत असतात. खास उपाहारगृहांत काही रकमेपर्यंतच सूट मिळते. मोटारवर चालणारे जलक्रीडाप्रकार, स्कूबा डायव्हिंग आणि मसाज हे सहसा वगळलेले असतात. खोलीतील फ्रिज रोज भरला जातो की नाही, पाण्याखाली पाहण्याचा चष्मा आणि नळी मोफत मिळते की भाड्याने, नौकाविहार किती, याचे तपशीलही लेखी मागवावेत.

मद्य न घेणाऱ्या कुटुंबाने तर येथे विशेष विचार करावा. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ आणि ‘फुल बोर्ड’ यांच्या दरांतील फरक मोठ्या प्रमाणात पेयांचा असतो, आणि एका खोलीतील सर्व प्रौढांनी एकच योजना घ्यावी, असा बहुतेक ठिकाणी नियम असतो. समजा, हा फरक माणशी दररोज ६० डॉलर आहे. दोन प्रौढांचे चार दिवसांचे ४८० डॉलर होतात. त्याच दोघांचा पाणी, चहा-कॉफी आणि फळांचा रस यांवरील खर्च दिवसाला ५० डॉलर धरला, तरी एकूण २०० डॉलरच होतो. मग उरलेले २८० डॉलर कोणासाठी भरायचे? याउलट दोघेही दिवसाकाठी चार-पाच पेये घेणारे असतील, तर तीच योजना किफायतशीर ठरते. उत्तर माणसागणिक बदलते. आकडेमोड मात्र प्रत्येकाने करायलाच हवी. मालदीवमध्ये बाहेरून मद्य नेण्यास बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे. विमानतळावरील शुल्कमुक्त दुकानातून घेतलेली बाटली तेथे उतरताच सीमाशुल्क अधिकारी ठेवून घेतात.

दिवसांची मोजदादही बारकाईने करावी. ‘चार रात्री, पाच दिवस’ असे जाहिरातीत लिहिलेले असले, तरी योजना खोलीचा ताबा मिळाल्यापासून, म्हणजे बहुधा दुपारी दोनपासून लागू होते आणि अखेरच्या दिवशी दुपारी बारा वाजता संपते. प्रत्यक्षात चार न्याहाऱ्या, तीन दुपारची जेवणे आणि चार रात्रीची जेवणे पदरी पडतात. परतीचे विमान रात्रीचे असेल, तर शेवटच्या दुपारचा खर्च वेगळा होतो.

अधिक, अधिक आणि अधिक

दरपत्रकावरील किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे दिसली, तर सावध व्हावे. त्यांचा अर्थ सेवाशुल्क आणि कर वेगळे, असा असतो. सेवाशुल्क साधारणतः १० टक्के असते. पर्यटन क्षेत्रासाठीचा वस्तू व सेवा कर १ जुलै २०२५ पासून १६ वरून १७ टक्के झाला, आणि तो सेवाशुल्क धरून होणाऱ्या रकमेवर लागतो. त्यामुळे १०० डॉलरचे आधी ११० आणि मग १२८ डॉलर ७० सेंट होतात. शिवाय हरित कर आहेच. १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये राहणाऱ्यांसाठी तो माणशी दररोज ६ वरून १२ डॉलर करण्यात आला. चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींसाठी या एकाच करापोटी १९२ डॉलर मोजावे लागतात. दोन वर्षांखालील बालकांना त्यातून सूट आहे. म्हणून दोन रिसॉर्टची तुलना करताना ‘सर्व करांसह, सर्व माणसांची अंतिम रक्कम’ हाच आकडा शेजारी-शेजारी ठेवावा.

या आकड्यात विमानतळ ते बेट या प्रवासाचा खर्चही यायला हवा. अनेकांचा अंदाज चुकतो तो येथेच. राजधानी मालेजवळच्या वेलाना विमानतळावरून जवळच्या बेटांवर स्पीडबोट जाते, मध्यम अंतरावर पाण्यावर उतरणारे सी-प्लेन जाते आणि अतिदूरच्या बेटांसाठी देशांतर्गत विमान व पुढे नौका, असा प्रवास करावा लागतो. सी-प्लेनचे जाण्यायेण्याचे भाडे माणशी काही शे डॉलर होऊ शकते. त्यातही ही विमाने केवळ दिवसाउजेडी उडतात. मुंबईहून माले सुमारे पावणेतीन तासांवर आहे खरे, परंतु तेथे उशिरा दुपारी उतरले तर ती रात्र माले परिसरातच काढावी लागते आणि आगाऊ पैसे भरलेली रिसॉर्टची एक रात्र वाया जाते. म्हणून आधी बेट, मग बेटावर जाण्याचे वाहन आणि त्यानंतरच विमानाचे तिकीट, असा क्रम ठेवावा. सी-प्लेनमध्ये सामानाची मर्यादाही कमी, साधारणतः २० किलो आणि हातातील ५ किलो, एवढीच असते. फराळाचे डबे भरतानाच हे लक्षात असलेले बरे.

ऋतू आणि शाळेची सुटी

मराठी कुटुंबाच्या सुट्या दोन, मे महिन्याची आणि दिवाळीची. मालदीवचा कोरडा काळ मात्र साधारणतः डिसेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत असतो. नैऋत्य मान्सून केरळात पोहोचण्याआधीच मालदीववर येतो. त्यामुळे मेच्या उत्तरार्धात पाऊस, वारा आणि खवळलेला समुद्र यांची शक्यता अधिक. या काळात दर उतरतात आणि पाऊसही दिवसभर पडतोच असे नाही. तेव्हा स्वस्ताईचे कारण समजून घेऊन निर्णय घेण्यात गैर काही नाही. जून ते नोव्हेंबर या काळात बा प्रवाळवलयातील हनिफारू उपसागरात मांटा रे हे पंखासारखे पसरट मासे मोठ्या संख्येने येतात, ही या ऋतूची जमेची बाजू. नाताळ आणि ३१ डिसेंबरला दर चढतातच, शिवाय त्या रात्रींच्या मेजवानीचे सक्तीचे शुल्क वेगळे आकारले जाते.

बरोबर कोण येणार, यावर खोलीची निवड अवलंबून ठेवावी. पाण्यावर खांबांवर उभारलेली घरे छायाचित्रांत मोहक दिसतात, पण त्यांच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. काही रिसॉर्ट लहान मुलांना तेथे ठेवूच देत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना भोजनगृहापर्यंतचा लांबलचक लाकडी पूल दिवसातून सहा वेळा ओलांडावा लागतो. त्यांच्यासाठी वाळूवरचे घर अधिक सुखाचे, आणि ते बहुधा स्वस्तही असते. बेटावर डॉक्टर आहे की नाही, हे विचारून घ्यावे. शाकाहारी आणि जैन मंडळींनी आरक्षणाच्या वेळीच तसे लेखी कळवावे. स्थानिक पाककृतींत वाळवलेल्या टुना माशाचा वापर सढळ असतो. धिवेही भाषेतील ‘मस’ म्हणजे आपला मासाच. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. पदार्थाच्या नावात तो दिसला, तर अर्थ वेगळा लावू नये. स्कूबा डायव्हिंग करायचे असेल, तर परतीच्या विमानापूर्वी किमान १८ तास पाण्याखाली जाऊ नये. म्हणजेच ते पहिल्या दोन दिवसांत उरकावे.

पैसे भरण्यापूर्वी रद्द करण्याच्या अटी वाचाव्यात. ‘परतावा नाही’ असे लिहिलेला स्वस्त दर, मुलाला ऐनवेळी ताप आला तर महागात पडतो. प्रवासविमा घ्यावा आणि त्यात जलक्रीडांना संरक्षण आहे का, ते पाहावे. परदेशी सहलीचे पॅकेज भारतातील पर्यटन कंपनीकडून घेतल्यास त्यावर ‘टीसीएस’ हा उगमाशी गोळा होणारा कर द्यावा लागतो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात देय करातून वळता करता येतो. त्यासाठी प्रमाणपत्र जपून ठेवावे. भारतीयांना मालदीवचा व्हिसा तेथे उतरल्यावर विनामूल्य मिळतो. प्रवासापूर्वी ९६ तासांच्या आत ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरावी लागते. तीही विनामूल्य असल्याने त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत.

आणि ही सारी बेरीज आवाक्याबाहेर गेलीच, तर? लोकवस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे चालविण्यास २००९ नंतर मोकळीक मिळाली आणि माफुशीसारख्या बेटांवर परवडणाऱ्या खोल्या उभ्या राहिल्या. तेथे मद्य मिळत नाही. पोहण्याच्या पोशाखासाठी राखीव किनारा असतो आणि स्थानिक रीतिरिवाज पाळावे लागतात. पण तेथे दुकाने आहेत, स्थानिक उपाहारगृहे आहेत, शाळेतून घरी परतणारी मुले दिसतात. थोडक्यात, तेथे ‘बाहेर’ आहे. मद्याशी कर्तव्य नसलेल्या अनेक कुटुंबांना हाच पर्याय अधिक रुचेल. पाण्यावरच्या घराची हौसच असेल, तर तीन रात्री अतिथिगृहात आणि एक रात्र रिसॉर्टमध्ये, अशीही विभागणी करता येते.

निवांतपणा विकत घेता येतो, पण तो पैशांइतकाच पूर्वतयारीनेही मिळतो. घरच्या जेवणाच्या टेबलावर कागद-पेन घेऊन दोन संध्याकाळी हिशेब मांडला, की तेथे गेल्यावर काहीही मोजावे लागत नाही. मोजायच्या उरतात त्या फक्त लाटा.