कडोलीच्या माथ्यावरचे सूर

वळवाच्या दिवसांत बेळगावजवळच्या कडोलीत मीडियम वेव्हवर सांगली किंवा धारवाड लावा. आभाळ दाटलं की रेडिओ कडकडायला लागतो. वीज नुसता उजेड आणि आवाज देत नाही, रेडिओलहरीही सोडते. त्यातल्या कमी कंपनसंख्येच्या काही लहरी पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा धरून अवकाशात चढतात आणि थेट दुसऱ्या गोलार्धात उतरतात; ऐकल्या तर शिट्टीसारख्या वाटतात. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकणाऱ्या जर्मनांच्या कानी अशाच शिट्ट्या पडल्या होत्या. त्यांचा नीट उलगडा १९५३ साली ओवेन स्टोरी यांनी केला.

आपल्या भागात मात्र एक अडचण आहे. चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीच्या आसपास, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. त्यामुळे इथल्या बलरेषा फारशा उंच न जाता दक्षिणेकडे वळून पुन्हा जमिनीत शिरतात. हजारो किलोमीटर उंचीवरचे किरणोत्सर्गाचे पट्टे आपल्या माथ्यावरच आहेत, पण तिथल्या लहरींना कडोलीत उतरायला वाट नाही. ऐकायचं तर कानच वर न्यायला हवा.

हे पट्टे सापडले १९५८ साली. अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहावर, एक्सप्लोरर-१ वर, जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांनी गायगर काउंटर बसवला होता. ठरावीक उंचीवर तो गप्प व्हायचा. कण नव्हते म्हणून नव्हे, इतके होते की मोजणीच कोलमडत होती. बाहेरच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन सौरवादळानंतर कधी कधी प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात, उपग्रहाच्या आत घुसतात आणि त्याची इलेक्ट्रॉनिक्स बिघडवतात. त्यांना एवढा वेग देतं कोण, हा वाद कित्येक वर्षं चालला. ३० ऑगस्ट २०१२ रोजी नासाने दोन जुळे व्हॅन अ‍ॅलन प्रोब सोडले आणि पुढच्याच वर्षी उत्तर आलं: वेग बाहेरून येत नाही, पट्ट्याच्या गाभ्यातच मिळतो. तो देणारी मुख्य लहर म्हणजे ‘कोरस’. तिची कंपनं काहीशे ते काही हजार हर्ट्झची, म्हणून स्पीकरला जोडली की पहाटेच्या पाखरांचा कलकलाट ऐकू येतो.

ही लहर पकडणारं यंत्र गमतीदार साधं आहे. चुंबकत्व चटकन ओढून घेणाऱ्या मिश्रधातूची दांडी, तिच्यावर बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, शेजारी एक प्रवर्धक. झालं सर्च कॉइल. चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत विद्युतदाब उत्पन्न होतो; फॅरेडेचा नियम, दहावीच्या पुस्तकातला. क्षेत्र स्थिर असेल तर कॉइल मुकी, म्हणून संथ बदलांसाठी फ्लक्सगेट नावाचं दुसरं यंत्र लागतं. तीन कॉइल एकमेकींना काटकोनात ठेवल्या की लहर कुठल्या दिशेने चालली आहे तेही काढता येतं. खरी परीक्षा संवेदनशीलतेची आहे. कडोलीतलं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला. कोरस कित्येकदा त्याच्या दहा लाखाव्या हिश्श्याएवढी असते.

आणि सगळ्यात मोठा शत्रू घरचाच. उपग्रहाच्या मोटारी, तारा, सौरपट्ट्यांतला प्रवाह, सगळेच चुंबकीय गोंगाट करतात. म्हणून ही यंत्रं लांब दांड्याच्या टोकाला बसवतात.

मराठी मुलखाने हा धडा शंभर वर्षांपूर्वीच गिरवला होता. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नासणार हे उघड होतं. संचालक नानाभॉय मूस यांनी ट्राम रोखण्याचा हट्ट धरला नाही, वेधशाळाच अलिबागला हलवली. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी सोबत मोजमाप चाललं, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. प्रशासकीय शहाणपणाचा असा नमुना आपल्याकडे विरळाच.

कुलाब्याच्या वह्यांनी पुढे मोठं काम केलं. सप्टेंबर १८५९ च्या सौर महावादळात तिथे क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांच्यासोबत ती जगापुढे मांडली. २०१० साली लखिना आणि त्सुरुतानी कोरसकडेही वळले. लहरीचे सुसंगत तुकडे इलेक्ट्रॉनांची दिशा जुन्या अंदाजापेक्षा फार झपाट्याने फिरवतात, हे त्यांनी गणिताने दाखवलं.

सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारताच्या आदित्य-एल१ यानावरही चुंबकमापक आहे. ११ जानेवारी २०२४ रोजी त्याचा ६ मीटरचा दांडा उलगडला. एक संवेदक टोकाला, दुसरा अर्ध्यावर. दोघांच्या वाचनातल्या फरकावरून यानाचा स्वतःचा गोंगाट वजा करता येतो. पण हा फ्लक्सगेट, आणि जागा १५ लाख किलोमीटरवर, पट्ट्यांच्या पार पलीकडे.

या विषयात शिरायचं तर भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे आणि तिथे पीएचडीसाठी विद्यार्थी घेतले जातात. बेळगाव-निपाणीकडच्या ज्या मुलामुलींनी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आहे, त्यांनी स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरता भरता या संस्थेच्या जाहिरातीवरही नजर ठेवावी. कडोलीहून पनवेल एका रात्रीच्या गाडीचा रस्ता आहे.